दवाखान्याची फाइल आणि कराचा हिशेब

यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आहे. नोकरदार घरांत याच दिवसांत दोन हिशेब एकत्र येतात. एक जकातीचा आणि दुसरा आयकराचा. शाळेत फेब्रुवारीच्या पगारबिलाआधी आयकराचे विवरण भरून द्यावे लागते. शिक्षक-खोलीत टेबलावर कागद पसरलेले असतात आणि जो तो शेजाऱ्याच्या कागदात डोकावून विचारत असतो, "तुम्ही दवाखान्याचे किती दाखवले?"

या प्रश्नाला बहुतेक वेळा नीट उत्तर मिळत नाही. कोणी म्हणतो, विमा असेल तरच सूट मिळते. कोणी म्हणतो, पंचवीस हजार असेच लिहून टाका, कोण विचारतो! कोणी म्हणतो, आता नवी करप्रणाली आली, सगळे बंद झाले. तिन्ही उत्तरे अर्धवट आहेत आणि दुसरे तर सरळ खोटे बोलायला सांगणारे आहे. म्हणून आजारपणाच्या खर्चावर कायदा कोणती सवलत देतो, कोणाला देतो आणि ती हातातून कशी निसटते, हे घरातल्या सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावे असे आम्हाला वाटले.

आमची चूक

आधी आमचीच गोष्ट सांगतो. २०२१-२२ साली अब्बा मगरिबच्या वुजूसाठी अंगणातल्या नळाकडे जाताना घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. वय एकाहत्तर. आरोग्य विमा नव्हता, कारण अब्बांना तो पटत नव्हता. ऑपरेशन, औषधे, तपासण्या मिळून एक लाख ३८ हजार रुपये लागले. तिघा भावांनी घरातून, पतपेढीतून, हातउसने करून रोख जमवले आणि काउंटरवर मोजून दिले. अब्बा खाटेवरून म्हणाले, "पैसे गिन के दे दो बेटा, रसीद-वसीद नको."

फेब्रुवारीत हिशेब करताना शाळेतल्या एका जाणत्या सहकाऱ्यांनी विचारले, "वडील साठीच्या पुढचे, विमा नाही, मग खर्चाची वजावट का घेत नाही? पैसे कसे दिले?" आम्ही म्हटले, रोख. ते हळहळले. म्हणाले, "मग राहिले."

त्या वर्षी आमचे करपात्र उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात होते. ५०,००० रुपयांची वजावट मिळाली असती, तर १०,००० रुपये कर आणि त्यावरचा ४ टक्के उपकर मिळून १०,४०० रुपये वाचले असते. तेवढ्यात अब्बांची काही महिन्यांची औषधे आली असती. आजार खरा होता, खर्च खरा होता, पैसे आमच्याच खिशातून गेले होते. फक्त ते ज्या वाटेने गेले ती वाट कायद्याला मान्य नव्हती.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट कळली. कायदा दुखण्याला सवलत देत नाही, दुखण्याच्या पुराव्याला देतो.

विमा नसला तरी

आपल्या अनेक घरांत आरोग्य विमा नसतो. काही ठिकाणी हप्ता परवडत नाही. काही ठिकाणी विम्याच्या व्यवहारात व्याज आणि अनिश्चितता असल्याने तो जायज आहे की नाही, ही शंका असते. उलेमांमध्ये यावर वेगवेगळी मते आहेत. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे, तो फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण विमा नसेल तर कराची सवलतही नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. कायद्यातल्या निदान तीन सवलती विम्याशिवाय मिळतात.

पहिली कलम ८०-डीमध्ये आहे. हे कलम मुळात विम्याच्या हप्त्यासाठी आहे. स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांच्या हप्त्यापोटी वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांच्या हप्त्यासाठी आणखी २५,००० आणि ते साठ वर्षांचे वा त्यापुढचे असतील तर ५०,००० रुपये. आईवडील तुमच्यावर अवलंबून असलेच पाहिजेत, अशी अट इथे नाही. याच कलमात एक तरतूद अशी आहे की, साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा आरोग्य विमा काढलेला नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च ५०,००० रुपयांपर्यंत वजावटीला धरता येतो. डॉक्टरांची फी, औषधे, रक्ताच्या तपासण्या, ऑपरेशन हे सारे त्यात येते. अट एकच: पैसे रोख दिलेले नसावेत. धनादेश, कार्ड, यूपीआय, बँकेतून वळते केलेले, काहीही चालेल. रोखीची मुभा फक्त प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीला आहे आणि तीही ५,००० रुपयांपर्यंत, वरच्याच मर्यादेच्या आत.

हेही ध्यानात ठेवावे की या कलमात आईवडील म्हणजे स्वतःचेच आईवडील. सासूसासरे धरले जात नाहीत. सुनेने सासूच्या औषधांचा खर्च स्वतःच्या विवरणात दाखवला तर तो चालत नाही. तो मुलाने दाखवावा आणि पैसेही त्याच्याच खात्यातून जावेत. कमावत्या सुनेला मात्र स्वतःच्या अम्मी-अब्बांचा खर्च दाखवता येतो. लग्न झालेल्या मुलीलाही हा हक्क आहे, हे अनेक बहिणींना ठाऊक नसते.

ज्यांच्याकडे विमा आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकण्यात आला आहे. त्यानंतर भरलेल्या हप्त्याची पावती त्या नजरेने एकदा तपासून पाहावी.

मोठ्या आजारांसाठी

दुसरी सवलत कलम ८०-डीडीबीची. ती ठरावीक आजारांसाठीच आहे आणि आजारांची यादी नियमात दिलेली आहे. त्यात कर्करोग, मूत्रपिंड कायमचे निकामी होणे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार, पूर्ण बळावलेला एड्स आणि मेंदू-मज्जासंस्थेचे काही आजार येतात. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश यांसारख्या मज्जासंस्थेच्या आजारांत अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असावे लागते. मधुमेह, रक्तदाब, साधा हृदयविकार या यादीत नाहीत.

वजावट किती? प्रत्यक्ष खर्च किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. रुग्ण साठीचा किंवा पुढचा असेल तर मर्यादा १,००,००० रुपये. विमा कंपनीकडून किंवा नोकरीच्या ठिकाणाहून काही रक्कम परत मिळाली असेल तर ती वजा करावी लागते. शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांनी हे विसरू नये. वैद्यकीय बिल मंजूर होऊन आले असेल, तर तोच खर्च पुन्हा इथे दाखवता येत नाही.

या कलमात घराची व्याख्या थोडी मोठी आहे. पती-पत्नी, मुले, आईवडील यांच्याबरोबर भाऊ आणि बहीणही येतात, मात्र ते मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असायला हवेत. घरी राहणारी विधवा बहीण डायलिसिसवर असेल आणि तिचा भार तुम्ही उचलत असाल, तर तिचा खर्च दाखवता येतो. फुफी, खाला, चाची यांचा खर्च तुम्ही कितीही मनापासून केला तरी तो यात बसत नाही. ज्या वडिलांना स्वतःचे चांगले निवृत्तिवेतन आहे ते मुलावर अवलंबून मानले जात नाहीत. त्यांनी ही वजावट स्वतःच्या विवरणात घ्यावी.

रोख पैसे दिले तर वजावट नाही, अशी अट या कलमात नाही. इथे खरे महत्त्व आहे ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या चिठ्ठीला. कर्करोगासाठी कर्करोगतज्ज्ञ, मूत्रपिंडासाठी नेफ्रॉलॉजिस्ट किंवा युरॉलॉजिस्ट, रक्ताच्या आजारासाठी रक्तविकारतज्ज्ञ, मज्जासंस्थेसाठी न्यूरॉलॉजिस्ट. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव आणि वय, आजाराचे नाव, डॉक्टरांचे नाव, पत्ता, पदवी आणि नोंदणी क्रमांक असावा. गल्लीतल्या डॉक्टरांनी कितीही चांगले उपचार केले तरी त्यांची चिठ्ठी इथे उपयोगाची नाही.

आपल्या भागात असे विशेषज्ञ मोजकेच. पण शासकीय रुग्णालयात उपचार चालू असतील तर नियम सोपा आहे. तिथे पूर्ण वेळ काम करणाऱ्या, सामान्य वैद्यकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी असलेल्या तज्ज्ञाची चिठ्ठी चालते. तिच्यावर रुग्णालयाचे नाव आणि पत्ता हवा. म्हणजे नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत उपचार घेणाऱ्याला या एका कागदासाठी हैदराबाद-पुणे गाठायची गरज नाही.

कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडून बार्शीला, छत्रपती संभाजीनगरला, मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जातात. जाण्या-येण्याचा, राहण्या-जेवणाचा खर्च उपचाराचा खर्च धरला जात नाही. मात्र रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी प्रवास करताना भाड्यात मोठी सवलत देते आणि सोबतच्या माणसालाही देते. रुग्णालयाकडून त्याचा विहित नमुन्यातला दाखला आधीच मागून घ्यावा.

दिव्यांग घरात असेल तर

तिसरी सवलत कलम ८०-डीडीची. आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते हिच्याकडे. तुमच्यावर अवलंबून असलेला मुलगा, मुलगी, पत्नी, आईवडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल, तर ७५,००० रुपयांची वजावट मिळते. ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपये. त्यांच्या उपचारावर, संगोपनावर, प्रशिक्षणावर काही खर्च झालेला असला पाहिजे, पण तो नेमका किती झाला हे पाहिले जात नाही. वीस हजार झाला तरी वजावट पूर्ण मिळते. स्वतः करदाताच दिव्यांग असेल तर कलम ८०-यूखाली याच रकमा मिळतात. एकाच व्यक्तीसाठी दोन्ही कलमे वापरता येत नाहीत.

यासाठी अपंगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी आयकर नियमातला १०-आयए हा नमुना आहे. आम्ही वर्गात शिकवताना पाहतो की, ऐकू न येणारे, नीट चालू न शकणारे मूल घरात असते, आईवडील त्याच्यासाठी जीव टाकतात, पण प्रमाणपत्र काढायला कचरतात. लोक काय म्हणतील, पुढे लग्नाला अडचण येईल. मुलाच्या दुखण्यात लाज वाटावी असे काय आहे? ते प्रमाणपत्र म्हणजे त्याच्या शिष्यवृत्तीचे, परीक्षेतल्या जादा वेळेचे, प्रवास सवलतीचे आणि तुमच्या करसवलतीचे दार आहे.

जुनी प्रणाली की नवी?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. वर सांगितलेल्या सर्व वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात. नव्या प्रणालीत यांतली एकही नाही. आणि २०२३-२४ पासून तुम्ही काही सांगितले नाही तर आपोआप नवी प्रणाली लागू होते.

२०२५-२६ या वर्षासाठी नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर नाही. आमच्यासारख्या बहुतेक शिक्षकांचे वार्षिक वेतन या आतच आहे. त्यांनी डोळे मिटून नवी प्रणाली घ्यावी. त्यांना दवाखान्याच्या बिलावर करसवलत शोधायची गरजच उरत नाही.

प्रश्न येतो तो त्यावरच्या पगाराचा. एक उदाहरण घेऊ. वार्षिक पगार साडेतेरा लाख. नव्या प्रणालीत करपात्र रक्कम १२ लाख ७५ हजार, कर ७१,२५० आणि उपकरासह ७४,१०० रुपये. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट गेली, तेरा लाख उरले. भविष्य निर्वाह निधी वगैरेचे दीड लाख, राष्ट्रीय निवृत्तिवेतनाचे जादा ५०,००० आणि घरभाडे भत्त्याची सूट एक लाख असे तीन लाख वजा केले, तर दहा लाख उरतात. त्यावर उपकरासह कर १,१७,००० रुपये. म्हणजे घरात आजारपण नसेल तर नवी प्रणालीच चांगली.

पण याच घरात अब्बा डायलिसिसवर आहेत, अम्मीच्या औषधांचा खर्च आहे आणि एक मूल ८० टक्के दिव्यांग आहे असे समजा. अब्बांचे १,००,०००, अम्मीचे ५०,०००, मुलाचे १,२५,००० असे पावणेतीन लाख आणखी वजा होतात. करपात्र रक्कम उरते सव्वासात लाख आणि उपकरासह कर होतो ५९,८०० रुपये. आता जुनी प्रणाली १४,३०० रुपयांनी स्वस्त पडली. या उदाहरणात आजारपणाची वजावट दोन लाख सहा हजारांच्या पुढे गेली तरच जुनी प्रणाली परवडते. नुसते अम्मीच्या औषधांचे ५०,००० असतील तर नाही.

म्हणून ज्या वर्षी घरात मोठे दुखणे येते, त्या वर्षी दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला दर वर्षी प्रणाली बदलता येते. शाळेत एप्रिलमध्ये नवी प्रणाली लिहून दिली असली, तरी विवरणपत्र भरताना जुनी निवडता येते, पण ते ३१ जुलैच्या मुदतीत भरले पाहिजे. मुदत टळली की जुनी प्रणाली मिळत नाही. दुकानदार, व्यापारी, स्वतःचा दवाखाना चालवणारे यांना १०-आयईए हा नमुना भरावा लागतो आणि त्यांना वारंवार अदलाबदल करता येत नाही. त्यांनी सल्लागाराला विचारूनच पाऊल टाकावे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू होत आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मार्च २०२६ अखेर संपणाऱ्या वर्षाचा हिशेब मात्र जुन्याच कायद्याने होईल, त्यामुळे वर दिलेले क्रमांक या विवरणापुरते चालतील.

खोटे बिल नको

"पंचवीस हजार लिहून टाका" म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. आयकर विभागाने १४ जुलै २०२५ रोजी देशभर मोठी तपासणी मोहीम सुरू केल्याचे जाहीर केले. खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणारे मध्यस्थ तिच्या रडारवर होते आणि ज्या राज्यांत असे प्रकार आढळले त्यांत महाराष्ट्राचे नाव होते. गैरवापर झालेल्या कलमांच्या यादीत ८०-डी आणि ८०-डीडीबी ही दोन्ही होती. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही विभागाने सांगितले. उत्पन्न मुद्दाम चुकीचे दाखवले तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

पण दंड ही नंतरची गोष्ट. जो माणूस रमजानमध्ये जकातीचा पैसा-पैसा मोजतो त्याने त्याच महिन्यात न झालेल्या आजाराचे बिल जोडावे, हे कसे पटते? न घेतलेल्या औषधाची पावती ही खोटी साक्षच आहे. आणि खोट्यांची संख्या वाढली की खऱ्या रुग्णाच्या कागदावरही संशय येतो.

ज्यांना कर नाही त्यांच्यासाठी

हे मासिक वाचणाऱ्या अनेक घरांत आयकर भरण्याइतके उत्पन्न नाही. हातगाडी, शिलाई, गॅरेज, शेतमजुरी यावर चालणाऱ्या घराला वजावटीचा काय उपयोग? त्यांच्यासाठी खरी सवलत वेगळ्या दारात आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत झाली. त्या पहिल्या आठांत नांदेड होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर, म्हणजे लातूरलाही आली. आज राज्यातल्या सर्व कुटुंबांना ती लागू आहे, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचे असो, आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतात. सत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. भरती होण्याआधी, पैसे भरण्याआधी त्याला भेटा. पैसे भरल्यावर मग योजनेचे नाव काढणे म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणे.

शिवाय धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला विचारायला संकोच करू नये. ती भीक नाही, हक्क आहे.

जमातीची मदत आणि कायदा

आपल्याकडे कोणाच्या घरी मोठे दुखणे आले की जुम्म्याच्या नमाजनंतर चादर फिरते, मोहल्ल्यातली मुले व्हॉट्सअ‍ॅपवर खाते क्रमांक टाकतात, आखातातून पैसे येतात. ही आपल्या समाजाची मोठी ताकद आहे. फक्त एक नियम माहीत असावा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या पुढे गेली, तर ती सगळीच घेणाऱ्याचे उत्पन्न मानली जाते. आईवडील, मुले, भाऊ-बहीण, मामा, चाचा, फुफी, खाला यांच्याकडून आलेल्या पैशाला ही मर्यादा नाही. पण कायद्याच्या व्याख्येत चुलतभाऊ, मामेभाऊ 'नातेवाईक' नाहीत. दुबईच्या चुलतभावाने लाख रुपये पाठवले तर ते उत्पन्नात धरले जातात. गरीब घराचे एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेतच राहत असल्याने प्रत्यक्ष कर बहुधा लागत नाही, पण कोणी किती पाठवले याची यादी ठेवलेली बरी. आयकर कायद्याखाली नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेमार्फत मदत आली तर हा प्रश्नच येत नाही.

देणाऱ्यांसाठीही एक सूचना. रुग्णाच्या हातात दिलेल्या जकातीवर करसवलत मिळत नाही. ८०-जी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर ती मिळते, तीही जुन्या प्रणालीत आणि २,००० रुपयांपर्यंतच रोखीने. जकात सवलतीसाठी द्यायची नसते हे खरेच. पण इतर देणगी देताना पावती जरूर घ्यावी.

घरातली एक फाइल

अब्बांच्या त्या प्रसंगानंतर आमच्या घरी एक निळी फाइल आली. ती आमच्या बेगमच्या ताब्यात असते. तिच्यात पाच गोष्टी राहतात. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णाच्या नावाची पक्की बिले, पैसे दिल्याची बँक किंवा यूपीआयची नोंद, विमा किंवा कार्यालयाकडून परत मिळालेल्या रकमेचा कागद आणि असल्यास अपंगत्वाचे प्रमाणपत्र. औषधाच्या दुकानातली थर्मल कागदाची बिले काही महिन्यांत पांढरी होतात, म्हणून त्यांचा मोबाइलवर लगेच फोटो काढून ठेवतो. विवरणपत्राबरोबर कागद जोडायचे नसतात, पण आजाराचे नाव, विम्याचा क्रमांक असे तपशील आता भरावे लागतात आणि नोटीस आली तर कागदच बोलतो.

कुरआन मजीदमधली सर्वांत लांब आयत सूरह बकराहमध्ये आहे आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे. रकमेचा, मुदतीचा लेख करा, साक्षीदार ठेवा, व्यवहार लहान असो की मोठा, कंटाळा करू नका, अशी ती शिकवण आहे. आपण ती लहानपणापासून ऐकतो आणि दवाखान्याच्या काउंटरवर मात्र "रसीद नको" म्हणतो.

अब्बा आता काठीच्या आधाराने मस्जिदपर्यंत जातात. परवा औषधे आणायला पैसे मागितले. आम्ही म्हटले, अब्बा, दुकानदाराला यूपीआयने देतो. ते जरा थांबले, मग म्हणाले, "ठीक है. और बिल पे मेरा नाम बराबर लिखवाना."

अल्लाह सर्वांना तंदुरुस्ती देवो आणि कोणाच्याही घरी ही फाइल जाड होऊ न देवो. आमीन.